विश्लेषण : पाळी जातानाच्या वाफांवर ‘डिप्रेशनची गोळी’ का देतात?

‘अंगातून वाफा येतात, रात्री घामाने जाग येते, झोपच लागत नाही’ अशी तक्रार घेऊन सातारा किंवा सांगलीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलेल्या पन्नाशीच्या आसपासच्या बाईच्या हातात कधी कधी अनपेक्षित गोळी पडते. औषध दुकानदार सांगतो, ‘ही डिप्रेशनची आहे.’ घरी मुलगा मोबाइलवर नाव शोधतो, तिथेही तेच दिसते. मग प्रश्न सुरू होतात. डॉक्टरांना मी वेडी वाटले का? सवय लागेल का? शेजारपाजारी कळले तर? आणि गोळी चार दिवसांत कपाटात जाते. नैराश्यावरची औषधे रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी का वापरतात, ती कोणाला उपयोगी आहेत, कोणी टाळायची आणि डॉक्टरांना काय विचारायचे, याचा हा आढावा.

पाळी जाते तेव्हा शरीरात काय होते?

सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्याला दुसरे काही कारण नसेल, तर रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांमध्ये ती सरासरी ४६ ते ४७ व्या वर्षी होते. अमेरिकेत हेच वय ५१ च्या आसपास आहे. म्हणजे आपल्याकडच्या बायकांचा हा काळ चार-पाच वर्षे आधी येतो. मुलांची दहावी-बारावी, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि शेतातली कामे ऐन भरात असताना.

पाळी पूर्ण थांबण्याआधी काही वर्षे ती अनियमित होते. या काळात अंडाशयातून तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनची पातळी वर-खाली होत राहते आणि शेवटी खाली येते. त्याचे परिणाम प्रत्येकीत वेगळे दिसतात. कोणाला काहीच जाणवत नाही. कोणाला छाती, मान आणि चेहऱ्यावर अचानक गरम लाट येते, घाम फुटतो, छातीत धडधडते आणि काही मिनिटांनी थंडी वाजते. यालाच इंग्रजीत हॉट फ्लॅश म्हणतात. आपल्याकडे ‘वाफा येणे’ किंवा ‘अंगाची आग होणे’ असे म्हटले जाते.

हा त्रास चार-सहा महिन्यांत आपोआप जातो, असा समज आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेत मध्यमवयीन स्त्रियांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या ‘स्वान’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. त्यात वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांमध्ये हा त्रास साधारण सात वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे दिसले. ‘सहन कर, जाईल’ हा सल्ला म्हणजे काही जणींना सात वर्षे सहन करायला सांगण्यासारखे आहे.

वाफा अंगातून येतात की मेंदूतून?

जाणवतात अंगात, पण सुरू होतात मेंदूत. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र असते. ऑटोमॅटिक इस्त्री ठरावीक तापमानाला बंद होते, पुन्हा सुरू होते, तसेच हे काम चालते. तापमान थोडे वर-खाली झाले तरी एरवी हे केंद्र दुर्लक्ष करते. इस्ट्रोजेन कमी झाले की ही दुर्लक्ष करण्याची मर्यादा फार अरुंद होते. चूल पेटवली, गरम चहा घेतला, एसटीत गर्दी झाली, एवढ्या कारणानेही मेंदूला वाटते की शरीर तापले आहे. मग तो त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंद करतो आणि घाम काढतो. प्रत्यक्षात शरीर तापलेलेच नसते, म्हणून नंतर थंडी वाजते.

तापमानाच्या या केंद्रावर सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या मेंदूतील रसायनांचाही प्रभाव असतो. नैराश्यावरची बरीच औषधे नेमकी याच दोन रसायनांवर काम करतात. त्यामुळे ज्या गोळीने मनाची स्थिती सुधारते, तीच गोळी तापमानाच्या केंद्रालाही शांत करू शकते. एकच औषध दोन वेगळ्या कामांसाठी वापरण्याची उदाहरणे वैद्यकात भरपूर आहेत. ॲस्पिरिन तापावरही चालते आणि हृदयविकाराच्या रुग्णाला रक्त गोठू नये म्हणूनही देतात. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्याला कोणी ‘तुला ताप आहे का’ असे विचारत नाही.

हा उपयोग लक्षात कसा आला?

त्याची सुरुवात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपासून झाली. कर्करोगाच्या उपचारांमुळे अनेक स्त्रियांची पाळी लवकर जाते आणि वाफांचा त्रास तीव्र असतो. पण त्यांना इस्ट्रोजेन देता येत नाही, कारण काही प्रकारचा कर्करोग याच हार्मोनवर वाढतो. नैराश्यासाठी औषध घेणाऱ्या अशा काही स्त्रियांच्या वाफाही कमी झाल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले आणि त्यावर पद्धतशीर चाचण्या सुरू झाल्या.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. चार्ल्स लॉप्रिन्झी आणि सहकाऱ्यांनी केलेली व्हेन्लाफॅक्सिन या औषधाची चाचणी २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. खोटी गोळी दिलेल्या गटात वाफांचा त्रास २७ टक्क्यांनी कमी झाला. रोज साडेसदतीस मिलिग्रॅम औषध घेणाऱ्यांमध्ये तो ३७ टक्क्यांनी, तर ७५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांमध्ये ६१ टक्क्यांनी कमी झाला. डोस दुप्पट करून १५० मिलिग्रॅम केल्यावर मात्र आणखी फायदा झाला नाही. जास्त औषध म्हणजे जास्त आराम असे नसते, हे या चाचणीतूनच दिसले.

पुढे जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पॅरोक्सेटिनच्या ७.५ मिलिग्रॅमच्या गोळीला वाफांवरचे औषध म्हणून मान्यता दिली. हार्मोन नसलेले आणि या त्रासासाठी मान्यता मिळालेले ते तिथले पहिले औषध. नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन साधारण २० मिलिग्रॅमपासून पुढे देतात. म्हणजे वाफांसाठीचा डोस त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. ही मान्यताही एकमताने मिळाली नव्हती. प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीतील १० सदस्यांनी विरोधात आणि फक्त चौघांनी बाजूने मत दिले होते. फायदा आहे, पण तो माफक आहे, हा आक्षेप होता. तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

गोळीने नेमका किती फरक पडतो?

एसिटालोप्राम हे आपल्याकडे सहज मिळणारे औषध घेऊ. २०५ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. सुरुवातीला त्यांना दिवसाला सरासरी दहाच्या आसपास वाफा येत होत्या. आठ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांमध्ये ही संख्या पाचवर आली. खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये ती साडेसहाच्या घरात राहिली. म्हणजे फरक पडला, पण वाफा पूर्ण थांबल्या नाहीत. आणि त्यातला बराचसा आराम ‘आपण उपचार घेतोय’ या विश्वासातूनही आला होता.

२०१४ मध्ये आणखी एका चाचणीत कमी डोसचे इस्ट्रोजेन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांची प्रत्येकी खोट्या गोळीशी तुलना झाली. आठ आठवड्यांत इस्ट्रोजेनने वाफा सुमारे ५३ टक्के, व्हेन्लाफॅक्सिनने ४८ टक्के आणि खोट्या गोळीने २९ टक्के कमी झाल्या. इस्ट्रोजेन थोडे पुढे राहिले, पण दुसरी गोळीही निरुपयोगी ठरली नाही. त्या चाचणीत इस्ट्रोजेनचा डोस कमी होता. नेहमीच्या डोसमध्ये हार्मोनचा परिणाम आणखी चांगला असतो.

या गोळ्यांची आणखी एक गोष्ट रुग्णाच्या सोयीची आहे. नैराश्यात फरक जाणवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. वाफांवर मात्र परिणाम एक-दोन आठवड्यांतच दिसू लागतो. त्यामुळे गोळी आपल्याला लागू पडते की नाही, हे महिनाभरात कळू शकते. नैराश्यावरची सगळी औषधे मात्र वाफांवर सारखी चालत नाहीत. पॅरोक्सेटिन, एसिटालोप्राम, सिटालोप्राम, व्हेन्लाफॅक्सिन आणि डेसव्हेन्लाफॅक्सिन यांचे पुरावे चांगले आहेत. फ्लुऑक्सेटिन आणि सर्ट्रालिनचे तेवढे नाहीत.

मग सरळ हार्मोनच का देत नाहीत?

वाफांवर सर्वांत परिणामकारक उपचार आजही हार्मोनच आहे. त्याची भीती २००२ पासून बसली. त्या वर्षी अमेरिकेतील ‘वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या १६ हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीतील इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिनचा गट मुदतीआधी थांबवावा लागला. हार्मोन घेणाऱ्यांमध्ये दरवर्षी १० हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त आढळले. बातम्यांतून ‘हार्मोन म्हणजे कर्करोग’ एवढेच लोकांपर्यंत पोहोचले.

त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, ही गोष्ट मागे पडली. पुढच्या विश्लेषणांतून चित्र बदलले. वय साठच्या आत असेल किंवा पाळी जाऊन १० वर्षे झाली नसतील, त्रास तीव्र असेल आणि हार्मोन न देण्याचे ठोस कारण नसेल, तर बहुतेक स्त्रियांमध्ये फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, असे आता तज्ज्ञ संस्था सांगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरील ठळक इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला.

म्हणून ‘हार्मोन धोक्याचे, डिप्रेशनची गोळी सुरक्षित’ असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत २०१५ पासून स्पष्ट म्हटले आहे की, केवळ वाफांसाठी ही औषधे सरसकट पहिला उपाय म्हणून देऊ नयेत.

ही गोळी नेमकी कोणासाठी?

मुख्यतः ज्यांना हार्मोन देता येत नाही त्यांच्यासाठी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झालेल्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, यकृताचा गंभीर आजार असलेल्या, किंवा योनीतून होणाऱ्या रक्तस्रावाचे कारण अजून सापडलेले नाही अशा स्त्रियांना डॉक्टर सहसा हार्मोन देत नाहीत. सगळी माहिती समजून घेऊनही ‘मला हार्मोन नको’ असे ठरवणारी स्त्रीही यात येते. आणि जिला वाफांबरोबरच खरेखुरे नैराश्य किंवा चिंतेचा विकार आहे, तिला एकाच गोळीतून दोन्हींवर आराम मिळू शकतो.

काही गोष्टी मात्र ही गोळी करत नाही. ती हाडांची झीज थांबवत नाही. योनीचा कोरडेपणा, लघवीची जळजळ, संबंधाच्या वेळचे दुखणे यांवर तिचा उपयोग नाही. उलट काही जणींची इच्छा तिने आणखी कमी होते. कोरडेपणासाठी त्याच जागी लावायचे कमी डोसचे इस्ट्रोजेन क्रीम हा वेगळा उपाय आहे.

स्तनाच्या कर्करोगाची गोळी सुरू असेल तर?

इथे सर्वांत जास्त सावध राहावे लागते. मिरज ही डॉक्टरांची नगरी. कर्करोगाच्या उपचारासाठी सांगली, सातारा आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातील गावांतूनही रुग्ण मिरजेत येतात. स्तनाच्या कर्करोगानंतर अनेकींना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच किंवा त्याहून अधिक वर्षे घ्यावी लागते. या गोळीनेही वाफा येतात.

टॅमॉक्सिफेन पोटात गेल्यावर यकृतातील एक एन्झाइम त्याचे खऱ्या कामाच्या रूपात रूपांतर करते. पॅरोक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन हे एन्झाइम जोरात अडवतात. कॅनडातील २०१० च्या एका अभ्यासात टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरोक्सेटिन जितका जास्त काळ घेतले, तितका कर्करोगाने मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले होते. त्यानंतरचे सर्व अभ्यास या निष्कर्षाशी जुळत नाहीत, तरी दुसरा पर्याय हाताशी असताना धोका पत्करण्याचे कारण नाही. व्हेन्लाफॅक्सिन या एन्झाइमला फारसे अडवत नाही. म्हणून अशा रुग्णांत त्याला पसंती देतात.

कर्करोगाचे डॉक्टर मिरजेत, स्त्रीरोगतज्ज्ञ तालुक्याला आणि गोळ्या गावच्या दुकानातून, असे होते तेव्हा एकाचे औषध दुसऱ्याला ठाऊक नसते. त्यामुळे चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांसमोर ठेवणे, ही साधी सवय इथे फार मोलाची ठरते.

कमी वयात गर्भपिशवी काढली असेल तर?

दर हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली, सातारा, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात उतरतात. या टोळ्यांतील बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. राज्य सरकारने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचे समोर आले. त्यातल्या अनेकींचे वय चाळिशीच्या आतले होते.

‘पिशवी काढली’ या एका शब्दात दोन वेगळ्या शस्त्रक्रिया दडलेल्या असतात. फक्त गर्भाशय काढले तर पाळी थांबते, पण अंडाशये हार्मोन तयार करत राहतात. अंडाशयेही काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते. हळूहळू उतरण्याऐवजी इस्ट्रोजेन एकदम कोसळते. वाफा, निद्रानाश, चिडचिड सगळे तीव्र असते. शिवाय हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका लवकर सुरू होतो.

तिशी-पस्तिशीतल्या अशा बाईला केवळ झोप लागावी, चिडचिड कमी व्हावी म्हणून नैराश्याची गोळी देणे अपुरे आहे. हार्मोन न देण्याचे ठोस कारण नसेल, तर अशा स्त्रियांना नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावे, असेच तज्ज्ञ संस्था सांगतात. कारण इथे प्रश्न फक्त वाफांचा नसतो, पुढच्या ३०-४० वर्षांच्या हाडांचा आणि हृदयाचा असतो. स्थानिक असो वा टोळीबरोबर आलेली, जिची शस्त्रक्रिया झाली आहे तिने डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे आणि ‘अंडाशये ठेवली की काढली’ हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. गर्भाशय काढलेले असेल तर बहुधा एकटे इस्ट्रोजेन पुरते. गर्भाशय असेल तर त्याच्या अस्तराच्या रक्षणासाठी दुसरे हार्मोनही द्यावे लागते.

मनही खरेच उदास असेल तर?

रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरचा काळ मनासाठीही नाजूक असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सात अभ्यासांतील नऊ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. पाळी नियमित असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत या काळात नैराश्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आढळला.

तरीही रोजचे रडू, चिडचिड आणि नैराश्याचा आजार यांत फरक करावा लागतो. रात्री चार वेळा घामाने उठणारी बाई सकाळी चिडणारच. वाफा आटोक्यात येऊन झोप लागली की अनेकींचे मनही सावरते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन रमत नसेल, भूक मेली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर तो आजार आहे. तिथे गोळी पूर्ण डोसमध्ये आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली लागते. वाफांसाठीचा छोटा डोस त्याला पुरणार नाही.

उलट बाजूही आहे. नैराश्याचे निदान झालेले नसताना केवळ ‘या वयात मन हळवे होते’ म्हणून ही औषधे दिल्याने फायदा होतो, याला स्पष्ट पुरावा नाही, असे ‘नाइस’च्या सूचना सांगतात. घरात कोणी ऐकून घेत नाही, दिवसभर राबूनही हातात पैसा नाही, नवरा दारू पितो, अशा दुःखावर गोळी हे उत्तर असू शकत नाही. ‘पाळी जायची वेळ झाली, डोकं फिरलंय’ असे म्हणून त्या दुःखावर झाकण टाकणेही तितकेच चूक आहे.

दुष्परिणाम काय? सवय लागते का?

सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, तोंडाला कोरड, डोकेदुखी, झोप उडणे किंवा जास्त येणे असे त्रास होऊ शकतात. बहुतेक आपोआप कमी होतात. काही जणींना याच गोळीने घाम वाढतो. तसे झाले तर औषध बदलता येते. व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहावा लागतो. साठीच्या पुढच्या आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये रक्तातील सोडियम घसरू शकते. अचानक गोंधळल्यासारखे होणे, तोल जाणे ही त्याची लक्षणे. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेणाऱ्यांमध्ये पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाबरोबर ही औषधे घेणे धोक्याचे ठरू शकते. काचबिंदू, फिट्स किंवा पूर्वी कधी मन अतिउत्साहात गेल्याचा आजार असेल, तर ते आधीच सांगायला हवे.

दारू-तंबाखूसारखे व्यसन या गोळ्यांचे लागत नाही. डोस वाढवत नेण्याची ओढ नसते. पण शरीराला गोळीची सवय होते. ती एकाएकी थांबवली तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे असे त्रास होऊ शकतात. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये हे जास्त दिसते. म्हणून बंद करायची असेल तर डॉक्टरांना विचारून, डोस टप्प्याटप्प्याने उतरवत. दुकानदाराच्या किंवा नणंदेच्या सांगण्यावरून सुरू करायची नाही आणि घाबरून मध्येच सोडायचीही नाही.

गोळीशिवाय काही उपाय?

अमेरिकेतील मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपायांचा आढावा घेतला. वाफांसाठी शिफारस केलेल्यांत नैराश्यावरच्या या औषधांबरोबर गॅबापेंटिन, विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणारी समुपदेशन पद्धत, वैद्यकीय संमोहन आणि जास्त असलेले वजन कमी करणे यांचा समावेश होता. मेंदूतील तापमान केंद्रावर थेट काम करणारे फेझोलिनेटंट हे नवे औषध त्याच वर्षी अमेरिकेत मान्य झाले. यकृताला इजा होण्याच्या धोक्यामुळे त्यावर पुढे ठळक इशारा आला.

याच आढाव्यात सोयाबीनचे अर्क, वनौषधींच्या तयार गोळ्या, योगासने आणि व्यायाम यांनी वाफा कमी होतात याला पुरेसा पुरावा नसल्याचेही नोंदवले आहे. याचा अर्थ चालणे आणि योगासने सोडावीत असा नाही. हाडे, साखर, रक्तदाब आणि झोप यांसाठी ती हवीतच. फक्त ‘योगा केला तरी वाफा जात नाहीत, म्हणजे माझंच चुकतंय’ असे कोणी वाटून घेऊ नये.

तपासणीआधी काय लक्षात ठेवावे?

रात्रीचा प्रत्येक घाम रजोनिवृत्तीचा नसतो. थायरॉइड वाढलेले असणे, मधुमेहाच्या औषधाने साखर घसरणे आणि क्षयरोग यांतही घाम येतो. संध्याकाळचा बारीक ताप, खोकला आणि वजन घटणे असेल तर आधी क्षयरोगाची तपासणी हवी. थकवा आणि धडधड रक्त कमी असल्यानेही असते. आणि एकदा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसले, तरी ‘राहिलेलं गेलं असेल’ म्हणून सोडू नये. लगेच तपासून घ्यावे.

जाण्याआधी दोन आठवडे कॅलेंडरवर रोज किती वाफा आल्या आणि रात्री किती वेळा जाग आली याच्या खुणा कराव्यात. औषधाने फरक पडला की नाही हे ठरवायला हाच कागद उपयोगी पडतो.

साताऱ्या-सांगलीत जायचे कुठे?

सुरुवात गावच्या आरोग्य केंद्रापासून करता येते. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन या तपासण्या तिथे होतात. पुढे साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. माण, खटाव, जत, आटपाडीकडून येणाऱ्या बाईचा एका खेपेत दिवस जातो. त्यामुळे जुने कागद, चालू गोळ्या आणि खुणांचे कॅलेंडर एकदमच बरोबर न्यावे. मन फार खचले असेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक २४ तास मोफत आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न पाचच आहेत. ही गोळी वाफांसाठी दिली आहे की नैराश्यासाठी? मला हार्मोन का नको? माझ्या बाकीच्या गोळ्यांबरोबर ती चालेल का? फरक पडला की नाही हे केव्हा ठरवायचे? आणि थांबवायची झाली तर कशी?

पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘वाफांसाठी, छोट्या डोसमध्ये’ एवढे उत्तर जरी डॉक्टरांनी आपणहून चिठ्ठीवर लिहिले, तरी दुकानदाराच्या एका वाक्याने घाबरून गोळी कपाटात जाणार नाही. आणि उत्तर ‘नैराश्यासाठी’ असे आले, तरी त्यात लाजण्यासारखे काही नाही. तोही आजारच आहे आणि त्यावरही उपचार आहेत.

*(हा लेख माहितीसाठी आहे. कोणतेही औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय सुरू किंवा बंद करू नये.)*